क्लाइंब म्हटलं की चढायचं

विमानं उडत असली की वैमानिकांना बोलायला वेळ नसतो, आणि विमानं जमिनीवर असली की त्यांना बोलण्यावाचून दुसरं काम नसतं. कोरोनाच्या काळात जगातली बहुतेक विमानं जमिनीवर होती आणि मी अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळाजवळ एका सिम्युलेटर सेंटरमध्ये नोकरीला होतो. माझ्याकडे किस्से किती साठले असतील, तुम्हीच विचार करा!

विमान उभं राहिलं तरी वैमानिकाचं लायसन्स थांबून राहत नाही. ठरावीक मुदतीत येऊन, खोट्या कॉकपिटमध्ये बसून, आपल्याला अजून खरं विमान चालवता येतं हे दाखवावंच लागतं. त्यामुळे सगळं शहर बंद असताना आमचं दार उघडं होतं. मास्क लावलेली मंडळी यायची, हाताला सॅनिटायझर चोळायची आणि महिनोन्‌महिने पोटात साठलेलं सगळं आमच्या कॅन्टीनमध्ये ओतायची.

आता माझं काम सांगतो. मी वैमानिक नाही. पुण्यात इंजिनिअर झालेला, उइटहॉर्नमध्ये भाड्याच्या घरात राहणारा साधा सॉफ्टवेअरवाला. सिम्युलेटरच्या आभाळात समोरून जे दुसरं विमान येतं, ते मी बनवतो. हे विमान नेहमी चुकतं. त्याला सांगितलेली उंची सोडून ते भलत्याच उंचीवर घुसतं आणि बिचाऱ्या परीक्षार्थीच्या अंगावर येतं. सेंटरमध्ये मला मिलिंद कमी आणि ‘चुकणारं विमान’ जास्त म्हणायचे.

*

माझ्या आईला हे काम समजावून सांगताना मला घाम फुटला होता. ती चिंचवडला, मी इथे, मध्ये व्हिडिओ कॉल. लॉकडाऊनमुळे तिलाही भरपूर वेळ होता.

म्हटलं, “आई, प्रत्येक मोठ्या विमानात एक यंत्र असतं. दुसरं विमान जवळ आलं की ते आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ म्हणून सावध करतं. फारच जवळ आलं तर सरळ हुकूम सोडतं. ‘क्लाइंब’ म्हणालं की वर जायचं, ‘डिसेंड’ म्हणालं की खाली. दोन्ही विमानांतली यंत्रं आपापसात बोलून घेतात. एकाला वर पाठवतात, दुसऱ्याला खाली.”

“आणि खालून तो कंट्रोलर उलटं सांगत असला तर?”

आई शिक्षिका होती, नेमकं तिथेच बोट ठेवते.

“तरी यंत्राचंच ऐकायचं. कुणाला विचारत बसायचं नाही. हातात जेमतेम पाच सेकंद असतात. धोका टळला की यंत्रच सांगतं, ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’. मग सावकाश आपल्या जागी परत यायचं.”

“आणि तू काय करतोस?”

“मी ते दुसरं विमान त्यांच्या अंगावर सोडतो.”

आई म्हणाली, “लहानपणी दाराआड लपून लोकांना दचकवायचास, तेव्हा माझा मार खायचास. आता त्याचा पगार घेतोस!”

*

आमचा मुख्य इन्स्ट्रक्टर म्हणजे योस्ट. आयुष्यभर विमानं चालवून निवृत्त झालेला कॅप्टन. उंची अशी की आमच्या सेंटरच्या प्रत्येक दारात त्याला मान वाकवावी लागायची. पहिले काही आठवडे मी त्याला ‘सर’ म्हणत होतो. शेवटी तो वैतागून म्हणाला, “माझं नाव सर नाही!” तेव्हापासून मी त्याला अरे-तुरे करतो. म्हणजे मनातल्या मनात. इंग्रजीत ते कुणाला कळत नाही.

एकदा सुपरमार्केटमध्ये आमची समोरासमोर गाठ पडली. तेव्हा प्रत्येकाने ढकलगाडी घेतलीच पाहिजे आणि दुसऱ्यापासून दीड मीटर लांब राहिलंच पाहिजे असा नियम होता. अरुंद गल्लीत मी डावीकडे झालो, तोही त्याच बाजूला आला. मी उजवीकडे, तोही उजवीकडे. पुन्हा डावीकडे. मागे एक बाई गाडी घेऊन ताटकळलेली.

“मिलिंद!” योस्ट मास्कच्या आडून गरजला. “यंत्र नसलं की माणसांचं हे असं होतं! मी डिसेंड!”

आणि तो एवढा उंच माणूस कडेला गाडी लावून, चीजच्या खालच्या फळीपाशी चक्क उकिडवा बसला. मी माझी गाडी पुढे काढली, मागून ती बाई गेली. तिला त्याने अदबीने सांगितलं, “क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट, मॅडम.”

मग त्याला उठता येईना. गुडघे! मी हात द्यायला वळलो तर तिथूनच ओरडला, “दीड मीटर!”

*

डच माणूस कुठलीही गोष्ट चर्चेशिवाय करत नाही. याला ते ‘ओव्हरलेख’ म्हणतात. कॉफीचं यंत्र बदलायचं, ओव्हरलेख. खिडकी उघडायची, ओव्हरलेख. आणि चर्चा अशी की त्यात साहेबापासून सफाईवाल्यापर्यंत सगळ्यांनी बोललंच पाहिजे. मला ही पद्धत मनापासून आवडते. आपल्याकडे साहेबाने मान हलवली की बैठक संपते.

तर आमच्या इमारतीत एक जिना आहे. डच जिना म्हणजे काय, ते इथे सामान चढवलेल्यांना विचारा. शिडीला कठडा लावलेला असतो, एवढंच. वर योस्टची खोली, खाली सिम्युलेटरचा हॉल. दीड मीटरचा नियम आला तसा प्रश्न पडला, की जिन्यात दोघं समोरासमोर आले तर कुणी थांबायचं?

यावर व्हिडिओ कॉलवर ओव्हरलेख झालं. एकजण म्हणाला, सामान असेल त्याला आधी वाट द्या. दुसऱ्याने विचारलं, लॅपटॉप हे सामान धरायचं का? तिसऱ्याने चित्र काढून दाखवलं. सगळ्यांचं बोलून झाल्यावर एकमताने ठरलं, की यावर पुन्हा एकदा भेटू.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी योस्टच्या अक्षरात कागद लागला होता. ‘वर जाणारा आधी. खाली येणारा थांबेल. ओव्हरलेख नाही!’

*

कॅप्टन रूलॉफ आमच्याकडे आर्नहेमहून यायचे. यांना मात्र मी मनातसुद्धा अहो-जाहोच करतो. आवाज असा खरखरीत, की फोनवर नुसतं ‘हॅलो’ म्हणाले तरी ओळखावं. पन्नाशी उलटलेली, आणि उडणं बंद झाल्यापासून एकच काळजी, की हात विसरतील.

ही काळजी तेव्हा सगळ्यांनाच होती, फक्त बाकीचे ती विनोदात दडवायचे. रूलॉफ सरळ बोलून दाखवायचे. “डोकं पुस्तक वाचून ताजं ठेवता येतं, मिलिंद. हातांचं काय करू?”

मग त्यांनी उपाय काढला. स्वयंपाकघरात खुर्ची मांडली. कॉकपिटचं चित्र छापून भिंतीवर चिकटवलं. हातात विमानाच्या दांडीऐवजी लाकडी डाव. आणि यंत्राचा आवाज कोण? त्यांची बायको हानेके! ती बटाटे सोलता सोलता, मनाला येईल तेव्हा ओरडायची, “डिसेंड, रूलॉफ!” की यांनी ऑटोपायलट बंद केल्याचा हात करायचा आणि डाव हलकेच पुढे न्यायचा. हलकेच, हं! घाबरून जोरात ढकलला तर मागे प्रवासी छताला लागतील, म्हणून हानेके डावाकडे बारीक लक्ष ठेवायची.

महिनाभराने ते सिम्युलेटरला आले. मी माझं विमान त्यांच्या अंगावर सोडलं. “डिसेंड, डिसेंड!” यंत्र बोललं आणि रूलॉफचे हात असे काही हलले, की योस्टने टिपायला घेतलेलं पेन तसंच ठेवून दिलं. लोणी कापावं तसं विमान खाली आलं.

“घरी कोण शिकवतं तुम्हाला?” योस्टने विचारलं.

“बायको. पण आता तिला सवय लागलीय. काल बागेतली शिडी लावली आणि म्हणाली, ‘क्लाइंब, रूलॉफ!’ मी पन्हळीपर्यंत पोचल्यावर मला कळलं, की मी पन्हळ साफ करायला आलोय!”

*

आता शर्वरी. ही नाशिकची. हार्लेममध्ये एक खोली घेऊन राहायची आणि एका छोट्या मालवाहू कंपनीत को-पायलट होती. माणसं उडत नव्हती पण माल उडत होता, त्यामुळे तिची नोकरी टिकली होती. मात्र कंपनीने सांगून ठेवलेलं, की परीक्षेत दोनदा नापास झालात तर आम्हाला ठेवता येणार नाही. नोकरी गेली की इथे राहायचा परवाना जाणार, आणि त्या दिवसांत जगात कुठली कंपनी नवीन वैमानिक घेत होती?

पोरगी हुशार. हात सफाईचा, अभ्यास चोख. एकच दोष. दोष कसला, संस्कार! विचारल्याशिवाय काही करायचं नाही. खोलीत यायच्या आधी “येऊ का?”, खुर्चीपाशी “बसू का?”, आणि योस्टने कितीही डोळे वटारले तरी “सर”.

परीक्षेच्या दिवशी विमान तिच्या हातात होतं. शेजारी कॅप्टनच्या जागी योस्ट. मी माझं विमान सोडलं. “ट्रॅफिक, ट्रॅफिक.” तिने बरोबर सगळं बघितलं. “क्लाइंब, क्लाइंब!” तिचा हात दांडीवर गेला, आणि ती योस्टकडे वळून म्हणाली,

“सर, क्लाइंब करू?”

योस्ट मुद्दामच काही बोलला नाही. तिने आणखी जरा वाट पाहिली. मग चढवलं, पण तोवर पडद्यावर माझं विमान इतकं मोठं झालं होतं की मीच डोळे मिटले.

दिवे लागले. योस्ट शांतपणे म्हणाला, “तुझा हात बरोबर होता. तोंड चुकलं. तू माझ्या उत्तरासाठी थांबलीस. समोरचं विमान थांबलं नाही.”

ते समोरचं विमान मीच होतो. त्या दिवशी मला माझ्या कामाचा मनापासून राग आला.

*

तेव्हा घरी एका वेळी एकाच पाहुण्याला बोलवायची मुभा होती. माझी बायको प्रज्ञा म्हणाली, “तिला जेवायला घेऊन ये. नापास झालेल्या पोरीने एकटीने पाव खाऊन झोपायचं का?”

शर्वरी आली. दारात “येऊ का वहिनी?” झालं. थालीपीठं होती, वर लोण्याचा गोळा. पहिलं तिने दोन मिनिटांत संपवलं. प्रज्ञा दुसरं घेऊन आली.

“नको वहिनी, पुरे!”

“अगं घे गं, एवढंसं तर आहे.”

“नको खरंच. पोट भरलं.” डोळे मात्र तव्यावर.

“माझ्यासाठी घे.”

“बरं, अर्धंच द्या हं.” आणि अख्खं घेतलं.

आमची सई हे सगळं मान इकडून तिकडे फिरवत बघत होती. सईचा जन्म इथला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. ती मला म्हणाली, “बाबा, तिला हवं होतं. मग ती नाही का म्हणाली?”

मी समजावलं, की आपल्याकडे पाहुण्याने लगेच हो म्हणायचं नसतं. यजमानाने आग्रह करायचा, पाहुण्याने नको म्हणायचं, असं दोन-तीनदा झालं की मग घ्यायचं.

सईला शर्वरीची परीक्षा ठाऊक होती, माझ्या घरी दुसरा विषयच नसतो. ती म्हणाली, “पण एवढ्या वेळात विमान आपटेल ना!”

शर्वरीच्या हातातला घास तसाच राहिला. मग ती इतकी हसली, इतकी हसली, की हसता हसता रडायलाच लागली. “दादा, हिने जे सांगितलं ते मला एवढ्या मोठ्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली.

त्यानंतर ती दर रविवारी यायची आणि सई हातात उलथनं घेऊन तिची शिकवणी घ्यायची. ‘क्लाइंब’ म्हटलं की विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत, सरळ हात वर करून ताटातलं उचलायचं. ‘डिसेंड’ म्हटलं की तोंडाशी आलेला घाससुद्धा खाली ठेवायचा. सई यंत्रासारखीच निर्दय होती. एकदा लाडवाच्या वेळी तिने लागोपाठ तीनदा डिसेंड केलं, तेव्हा प्रज्ञा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“हे बघ सई, तुझं यंत्र तुझ्यापाशी. माझ्या घरात पाहुण्याला डिसेंड म्हणायचं नाही!”

*

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी योस्टला म्हटलं, “आज सोपं विमान सोडू का?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी विचारलंच नाही असं धरून चाललो. “तुला ती पास व्हायला हवीय की जगायला हवीय?” तो म्हणाला. “सगळ्यात वाईट सोड.”

सगळ्यात वाईट म्हणजे असं विमान, की ज्याच्यामुळे यंत्राला मध्येच आपला हुकूम फिरवावा लागतो. आधी ‘क्लाइंब’. चढायला लागलं, की माझं विमान गाढवासारखं वर येतं, आणि यंत्र ओरडतं, ‘डिसेंड, डिसेंड नाउ!’ तेव्हा पाच सेकंदही नसतात. शिवाय योस्ट कंट्रोलर बनून हेडफोनमध्ये मुद्दाम उलटं सांगणार.

मी बटण दाबलं आणि देव मानत नसूनही हात जोडले.

“क्लाइंब, क्लाइंब!” गेली वर. “डिसेंड, डिसेंड नाउ!” आली खाली. हलकेच, यंत्राने दाखवलेल्या हिरव्या पट्टीत काटा अगदी मधोमध. हेडफोनमध्ये योस्ट कोकलत होता, तिने मान वळवली नाही. “अनेबल. टीकॅस आर-ए,” एवढंच म्हणाली. म्हणजे तुमचं ऐकता येत नाही, यंत्राचा हुकूम आहे.

“क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट,” यंत्र बोललं.

आणि शर्वरी यंत्राला म्हणाली, “थँक यू!”

योस्टने गुणपत्रिकेवर लिहिलं, ‘सौजन्य, पण धोका टळल्यानंतर. मान्य.’

कॅन्टीनमध्ये दीड-दीड मीटरवर बसून आम्ही सईने पाठवलेले लाडू खाल्ले. शर्वरीने विचारलं, “सर, तुमच्यावर खरंच असा प्रसंग आला तेव्हा कसं वाटलं होतं?”

“आलाच नाही,” योस्ट म्हणाला. “एकदाही नाही.”

हा माणूस गेली किती वर्षं जगाला हेच शिकवत होता!

“आयुष्यभर मी त्या पाच सेकंदांची तयारी केली आणि ती वापरावी लागली नाही,” तो लाडू न्याहाळत म्हणाला. “याहून चांगली नोकरी असते का?”

मी आयुष्यात खूप हुशार माणसं पाहिली. न घडणाऱ्या गोष्टीसाठी रोज उठून तयार राहणारी माणसं मात्र इथेच पाहिली, आणि त्यांच्याबद्दल मला जे वाटतं त्याला आदर हा शब्द मला थोडा कमीच वाटतो.

*

पुढच्या वसंतात विमानं हळूहळू पुन्हा उडू लागली. एका दुपारी शर्वरीचा फोन आला.

“दादा, मी विचारलं नाही!”

“काय नाही विचारलंस? कुठे आहेस?”

“जमिनीवर. दादा, मी खरंच विचारलं नाही!”

मग तिने सांगितलं. विमानाच्या पोटात मास्क आणि औषधांचे खोके भरून ती आणि तिचे कॅप्टन अ‍ॅमस्टरडॅमकडे येत होते. विमान तिच्या हातात. कंट्रोलरने खाली उतरायला सांगितलेलं, ते उतरतही होते. खालून प्रवाशांचं एक विमान वर येत होतं. त्याने बऱ्याच खाली थांबायचं होतं. ते थांबलंच नाही, ठरलेली उंची ओलांडून वर येत राहिलं. “ट्रॅफिक, ट्रॅफिक.” आणि लगेच, “क्लाइंब, क्लाइंब!”

“कॅप्टन म्हणाले, थांब, कंट्रोलरने आपल्याला उतरायला सांगितलंय. आणि रेडिओकडे हात नेला. विचारायला, दादा! ते विचारणार होते! मी म्हणाले, नंतर. मी चढतेय. आणि चढवलं. ते विमान खालून गेलं. मला त्याच्या शेपटीवरचं चित्र दिसलं.”

“मग?”

“मग क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट. रेडिओवर त्या दुसऱ्या विमानातून कुणीतरी खरखरीत आवाजात म्हणालं, ‘माफ करा, चूक आमची होती.’ दादा, चूक त्यांची होती, पण ते खाली गेले. यंत्राने सांगितल्याबरोबर गेले. ते नसते गेले तर मी एकटी किती चढले असते? मला त्या माणसाला एकदा भेटायचंय.”

मी संध्याकाळी सईला सगळं सांगितलं. तिने गंभीरपणे ऐकून घेतलं आणि डचमध्ये विचारलं, “मग तिला आता लाडू डायरेक्ट देऊ या का?”

*

खरखरीत आवाज म्हटल्यावर माझ्या मनात काहीतरी हललं होतं, पण मी ते बाजूला सारलं. जगात खरखरीत आवाजाची माणसं काय थोडी असतात?

दोन-तीन आठवड्यांनी कॅप्टन रूलॉफ आले. त्यांच्या कंपनीने त्यांना पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं होतं, दोन दिवस दोन सेशन. योस्टच्या खोलीत बसून त्यांनी आपणच सांगितलं. कितीतरी महिन्यांनंतरची पहिलीच खरी फ्लाइट. उंचीचं बटण फिरवताना एक घर जास्त फिरलं, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि शेजारच्याच्याही. वरून येणाऱ्या एका मालवाहू विमानाच्या ते थेट वाटेत गेले.

“डिसेंड ऐकलं आणि मला हानेकेच ओरडल्यासारखी वाटली,” ते म्हणाले. “हात आपोआप गेले. पण ते नंतरचं झालं. आधीची चूक माझीच ना?”

योस्टने माझ्याकडे पाहिलं. मी योस्टकडे. आमच्या सेंटरचा कडक नियम, की एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. नाव नाही, कंपनी नाही, काही नाही. मला वाटलं माझं पोट फुटेल.

त्या दिवशीचं सेशन त्यांनी असं केलं की योस्टने पुन्हा पेन खाली ठेवलं. माझी सगळी चुकणारी विमानं त्यांनी एकेक करून चुकवली. संपल्यावर वर आले, मास्क लावला, बॅग उचलली आणि म्हणाले, “योस्ट, उद्या मी येणार नाही. कंपनीला कळवतो. माझं उडणं झालं.”

“रूलॉफ, तुमचे हात उत्तम आहेत.”

“हातांचं नाही रे. रात्री डोळे मिटले की ते मालवाहू विमान दिसतं. त्यात दोन माणसं होती. त्यांना मी काय तोंड दाखवू?”

योस्ट त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत आला, त्याच्या मागे मी.

रूलॉफ दोन पायऱ्या उतरले असतील, आणि खालून शर्वरी चढायला लागली. तिची नेहमीची परीक्षा होती त्या दिवशी. तिच्याही तोंडावर मास्क. जिन्याच्या तोंडाशी योस्टचा कागद अजून होताच. रूलॉफ चटकन दोन पायऱ्या मागे सरकले.

“माफ करा,” ते म्हणाले. “चूक माझी होती.”

शर्वरी जिन्याच्या मध्यावर थांबली. कठडा घट्ट धरून ती वर बघत राहिली. मी योस्टचा दंड धरला, दीड मीटर गेला खड्ड्यात.

“कॅप्टन,” ती म्हणाली, “तुम्ही वेळेवर उतरलात.”

रूलॉफना काही कळलं नाही. मग कळलं. त्यांचे फक्त डोळे दिसत होते, पण तेवढे पुरेसे होते.

“तुम्ही त्या...”

“हो. विमान माझ्या हातात होतं. तुम्ही उतरलात, मी चढले. माझ्या आईला सांगितलंय मी तुमच्याबद्दल.”

रूलॉफनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. पुन्हा या हातात घेतली. मग ते वळले, आमच्या दोघांच्या मधून योस्टच्या खोलीत परत गेले आणि आतूनच त्या खरखरीत आवाजात विचारलं,

“योस्ट, उद्याचं सेशन किती वाजता आहे?”

योस्टने चष्मा काढून पुसायला घेतला. खाली जिन्याच्या मध्यावर शर्वरी तशीच उभी होती. तिने अगदी हळू विचारलं,

“सर, मी वर येऊ का?”